मुलीचा हिस्सा

पालकहो, १८४७ साली खोजा व कच्छी मेमन मुलींनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात बापाच्या मिळकतीतला कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला. सर अर्स्किन पेरी यांनी जमातीची रूढी मानली, मुली हरल्या. १९३७ च्या शरीयत कायद्याने अशी रूढी बाजूला सारली, पण शेतजमीन वगळून! परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होते. हा कायदा इकडे १९५९ च्या विस्तार कायद्याने आला.

मुलाच्या निम्मा हिस्सा मुलीचा. वसीयत करून तो बुडवता येईल असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. दफनखर्च व कर्ज फिटून उरेल त्याच्या एकतृतीयांशापुरतीच वसीयत चालते. वारसाच्याच नावे केली, तर बाकीच्या वारसांची संमती हवी, तीही मृत्यूनंतरची. बाप हयात असताना मुलीकडून नुसते हक्कसोडपत्र लिहून घेणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे, तेव्हा तिचा हक्क उत्पन्नच झालेला नसतो.