रक्तातील मेदाम्ले व वाढीचे संप्रेरक : स्थूलतेतील संबंध

वाढीचे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून थांबून थांबून, उमाळ्याने स्रवते. सर्वांत मोठा उमाळा गाढ झोपेत येतो. उंची वाढायची थांबली तरी त्याची कामे संपत नाहीत. चरबीच्या साठ्यातून मेदाम्ले मोकळी करणे हे त्यांतलेच एक. ही मुक्त मेदाम्ले रक्तात वाढली की उलट पोष ग्रंथीलाच आवर घालतात. स्थूल माणसात चरबीचा साठा मोठा असतो आणि तो इन्सुलिनला फारसा जुमानत नाही. त्यामुळे मेदाम्ले चढी राहतात व संप्रेरकाचे उमाळे खुजे होतात.

याचा पुरावा दोन्ही बाजूंनी मिळाला. निरोगी माणसांना शिरेतून मेदाचे द्रावण व हेपारिन देऊन मेदाम्ले वाढवली, तेव्हा चालना देणारे औषध टोचूनही संप्रेरक नीट स्रवले नाही. स्थूल व्यक्तींची मेदाम्ले असिपिमॉक्स या औषधाने उतरवल्यावर स्रवण लक्षणीय सुधारले. तरी सगळा दोष मेदाम्लांच्या माथी मारता येत नाही: वाढलेले इन्सुलिन आणि घटलेले घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरकही त्यात असते. कडक उपास दोन-तीन दिवस चालला तर मेदाम्ले आणि संप्रेरक दोन्ही वाढतात, हे कोडेही आहेच.

मग ही मेदाम्ले खाण्यातल्या तेलातून येतात का? वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. सरकीच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेइक आम्ल आणि पाव हिश्श्याच्या आसपास पामिटिक आम्ल असते, म्हणून अकोला-अमरावतीकडे बोट थेट फोडणीच्या तेलाकडे जाणे साहजिक आहे. पण सकाळी उपाशीपोटी रक्तात सापडणारी मुक्त मेदाम्ले मुख्यतः अंगावरच्या चरबीतून आलेली असतात, रात्रीच्या वांग्याच्या भाजीतून नव्हे. वजन उतरले की दबलेले स्रवण बऱ्याच अंशी पूर्ववत होते; म्हणजे ही कमतरता स्थूलतेचा परिणाम आहे, मूळ कारण नव्हे.

त्यातही आपल्याकडे स्थूलता नुसत्या डोळ्यांना कळत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही बीएमआय 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के. भारतात 25 बीएमआयपासूनच स्थूलता धरतात, ती याच कारणाने.

वाढीच्या संप्रेरकाची कमतरता तपासताना हे सारे फार महत्त्वाचे ठरते. संप्रेरकाला चालना देऊन त्याचे स्रवण मोजणाऱ्या जीएचआरएच-आर्जिनिन चाचणीत प्रौढांसाठी कमतरतेची सीमा सडपातळ व्यक्तीत 11.5, तर 30 च्या वर बीएमआय असल्यास केवळ 4.2 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर धरतात. लठ्ठ मुलांतही चाचणीचा आकडा कमी येतो, पण या संप्रेरकाच्या प्रभावाने यकृतात तयार होणारे आयजीएफ-1 हे वाढीचे द्रव्य बहुधा पुरेसे असते आणि मूल वयाच्या मानाने उंचच असते. अशा मुलाला नुसत्या आकड्यावरून संप्रेरकाची रोजची इंजेक्शने सुरू करणे चूक आहे. मेदाम्ले मोजायची तर रक्ताचा नमुना बर्फात ठेवून त्यातला रक्तद्रव लवकर वेगळा करावा लागतो. वऱ्हाडातल्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात नमुना तसाच राहिला, तर नळीतच मेद फुटत राहतो आणि आकडा फुगतो.