नीलांजनेच्या बाजूने

माझ्या लहानपणी बेळगावजवळच्या आमच्या गावात पंचकल्याणक झालं. दीक्षाकल्याणकाच्या दिवशी आदिनाथांच्या दरबारात नीलांजनेचा नाच दाखवायचा असतो. त्यासाठी आम्हा मुलींची निवड मंदिराच्या ओसरीवर झाली. नीलांजना एकच होणार, बाकीच्या छप्पन्न कुमारिकांत जाणार. मी कुमारिकांत गेले. घरी येऊन रडले तेव्हा आई म्हणाली, "अगं, ती नीलांजना तर नाचता नाचता मरते. तुला कशाला व्हायचंय ती?" मला हसू आलं आणि विषय संपला.

चाळीस वर्षांनी बडोद्यात माझ्या घरी तोच विषय परत आला, आणि या वेळी तो हसण्यावारी नेता येईना. माझी भाची भरतनाट्यम शिकायला माझ्याकडे राहते. गेल्या पावसाळ्यात तिने लागोपाठ तीन ठिकाणी ऑडिशन दिली. हिवाळ्यातल्या महोत्सवांसाठी नृत्यसंस्था साधारण त्याच सुमारास नव्या मुली घेतात. पहिल्या ठिकाणी "कळवतो" म्हणाले आणि कळवलंच नाही. दुसऱ्या ठिकाणी दीड मिनिटात "पुढची" अशी हाक आली. तिसऱ्या ठिकाणी दोघींतून एक घेतली, ती दुसरी. यानंतर ती रात्र रात्र जागी राहून स्वतःचेच व्हिडिओ बघू लागली. जेवण अर्ध्यावर आलं. मग भाद्रपदात दशलक्षण पर्व लागलं आणि तिने उपवास धरले. शेजारच्या बायका कौतुक करू लागल्या, "एवढ्या लहान वयात केवढा धर्म!" मीही सुखावले, हे इथे कबूल केलं पाहिजे. पर्व संपलं, क्षमावाणी झाली, सगळ्यांनी पारणं केलं. हिचं खाणं मात्र काही सुरू झालं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तिला डॉक्टरांकडे नेलं. तीन महिने पाळी आली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं, की नाचाइतके श्रम करणाऱ्या शरीराला पुरेसं अन्न मिळालं नाही तर पाळी थांबते, हाडं कमकुवत होतात, पायाच्या हाडाला बारीक तडे जाऊ शकतात. झोप आणि मन तर बिघडतंच. त्यांनी तिला समुपदेशकाकडेही पाठवलं. ते उपचार आजही चालू आहेत.

मला नाचातलं काही कळत नाही. मला येतं ते जुनी पुस्तकं वाचणं. म्हणून मी शोधू लागले, की नाचणारीची परीक्षा ही आपल्याकडे किती जुनी गोष्ट आहे, आणि त्या परीक्षेबद्दल जुन्या लोकांनी काय म्हणून ठेवलंय.

सुरुवात बडोद्यातच सापडली. भरताच्या नाट्यशास्त्राचा अभिनवगुप्ताच्या टीकेसह पहिला खंड 1926 साली इथल्याच गायकवाड ओरिएंटल सीरीजमध्ये निघाला. भाषांतर हाताशी धरून मी सत्ताविसावा अध्याय वाचला. तो प्रयोगाच्या यशापयशाचा अध्याय. प्रयोगात येणाऱ्या विघ्नांची तिथे चक्क वर्गवारी आहे. काही विघ्नं दैवाची, म्हणजे वारा, पाऊस, आग, साप, मंडप कोसळणं. काही दुसऱ्यांनी आणलेली, म्हणजे मत्सर, गट करून केलेला गोंगाट, शेण नि ढेकळं फेकणं. आणि काही स्वतःची, जसं विसरणं, चुकीची हालचाल, न शोभणारी भूमिका घेणं. परीक्षकांचीही यादी आहे. वैयाकरण पाठांतर-उच्चार बघणार, गायक स्वर-ताल बघणार, धनुर्धारी उभं राहण्यातलं सौष्ठव बघणार. म्हणजे एकच माणूस सगळं जाणतो असं भरतमुनींनीही धरलेलं नाही. पुढे ते असंही म्हणतात, की निव्वळ निर्दोष किंवा निव्वळ गुणहीन असं काही नसतंच, तेव्हा नाटकातल्या दोषांचा फार बाऊ करू नये.

मी हे भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, माझ्याकडे एकच खाना आहे. सगळं स्वतःच्याच खात्यात."

मग मी कालिदासाचं मालविकाग्निमित्र काढलं. त्यात नाचाची स्पर्धा आहे. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, हे त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून ठरवायचं. परीक्षक परिव्राजिका कौशिकी, म्हणजे एक बाई आणि चांगली जाणकार. गणदासाची शिष्या मालविका नाचते, कौशिकी तिची वाखाणणी करते. पण ही स्पर्धा मुळात लावलेली आहे. राजाला चित्रातली मालविका प्रत्यक्ष बघायची होती, राणी तिला समोर येऊ देत नव्हती, म्हणून विदूषकाने दोन गुरूंत भांडण पेटवून दिलं. मालविकेचा नाच झाला आणि राजाचं काम झालं. हरदत्त पुढे होऊन म्हणतो, आता माझा प्रयोग बघा. तेवढ्यात दुपार झाल्याची ललकारी होते, स्नान-भोजनाची वेळ निघते, आणि त्याचा प्रयोग उद्यावर जातो.

नाटक शाळेत वाचलं तेव्हा मी मालविकेच्या मागे होते. या खेपेस मन हरदत्ताच्या शिष्येपाशी अडकलं. ती आतल्या बाजूला घुंगरू बांधून बसली असेल. तिचा नाच बरा की वाईट हा प्रश्नच कुणी विचारला नाही. घरी जाऊन ती काय म्हणाली असेल? "माझंच काही चुकलं" असंच ना?

पुस्तकातल्या बायका सोडून खऱ्या बायकांकडे वळले, तर त्याही बडोद्यातच भेटल्या. 1880 साली तंजावरच्या लक्ष्मीबाई लग्न होऊन सयाजीरावांच्या घरात आल्या आणि चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर आंदण म्हणून तंजावरच्या नर्तकी आणि त्यांचे नट्टुवनार आले. गौरा आणि कांतिमती ही त्यातली दोन नावं. तमिळ मुलखातला नाच त्यामुळे मराठी दरबारात, गुजराती शहरात रुजला. या बायका दरबाराच्या पगारी कलावंत होत्या. दर हंगामाला नव्याने दारं ठोठवायची वेळ त्यांच्यावर नव्हती. शिवाय ताल धरणारा घरचा माणूसच बाजूला असायचा. आजच्या मुलींकडे हे दोन्ही नाही. भाडं, रेल्वेचं तिकीट, पोशाख स्वतःचा, आणि परतीच्या प्रवासात नकार घेऊन एकटीच बसायचं. अर्थात जुनं ते सोनं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. या बायकांना दागिन्यांबरोबर आंदणात धाडलं, येता का म्हणून कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. आजची मुलगी निदान "हे ठिकाण मला नको" असं म्हणू शकते.

कांतिमतीचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर. दरबार संपल्यावर बडोद्यातच ते पुढे विद्यार्थ्यांना नाच शिकवू लागले. दरबार गेला, तो पगार गेला, पण घरातली विद्या शिल्लक राहिली. भाचीला हे फार आवडलं.

या सगळ्या वाचनानंतर मी नीलांजनेकडे परत आले. नवव्या शतकात जिनसेनाचार्यांनी आदिपुराणात ती कथा सांगितली आहे. ऋषभदेव भोगात रमलेत, त्यांना वैराग्य यावं म्हणून इंद्र मुद्दाम आयुष्य संपत आलेली अप्सरा नाचायला पाठवतो. नाचता नाचता ती विरून जाते. रसभंग होऊ नये म्हणून इंद्र क्षणात तिच्यासारखीच दुसरी उभी करतो. दरबाराला कळतही नाही. एकट्या ऋषभदेवांना कळतं, आणि ते सर्व सोडून निघतात.

प्रवचनात आपण ही कथा अनित्यतेची म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण नाचणारीच्या बाजूने बघितलं तर ऑडिशनला जाणाऱ्या प्रत्येक मुलीची भीती तीच आहे, की माझ्या जागी माझ्यासारखीच दुसरी उभी राहील आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. दरबार असाच असतो, त्याला नाच चालू राहायला हवा असतो. म्हणून घरात तरी ऋषभदेवांची नजर असावी लागते. मुलगी आतून विरत चालली आहे हे ज्याला दिसेल असं एक माणूस. भाद्रपदात मी ते माणूस नव्हते. मी दरबारात बसून कौतुक करत होते.

म्हणून आपल्या बायकांना एक सांगते. आपल्याकडे न खाण्याला मान आहे, त्यामुळे न खाण्याचा आजार आपल्या घरात सहज लपतो. उपवास नियम घेऊन सुरू होतो आणि पारण्याने संपतो. आरशाच्या भीतीने सोडलेल्या जेवणाला पारणं नसतं. फरक तिथे ओळखायचा. झोप उडाली, पाळी थांबली, मुलगी बोलेनाशी झाली, तर पुढच्या निकालाची वाट बघत बसू नका. डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे.

भाचीने आता वहीत तीन खाने आखलेत. दैव, दुसरे, मी. ऑडिशनहून आली की आधी जेवते, मग लिहायला बसते. तिसऱ्या खान्यातल्या चुकांपुढे ती प्रतिक्रमणासारखं "मिच्छा मे दुक्कडं" लिहिते आणि वही मिटते. परवा पुन्हा एक नकार आला. त्या दिवशी पहिल्या खान्यात तिने लिहिलं होतं, "पाऊस, रिक्षा मिळाली नाही, ओल्या पायांनी नाचले." आणि ते वाचताना आम्ही दोघी हसलो.