हॉर्निमन सर्कल : रूप आणि नाव

मुंबईच्या कोटात, टाऊन हॉलसमोर, पूर्वी ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचे मोकळे मैदान होते. तेथे कापसाच्या गाठींचे ढीग रचले जात. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलला आणि मैदानास अवकळा आली. भर शहरात धूळ व कचरा साचू लागला. पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट यांनी तेथे वर्तुळाकार उद्यान आणि त्याभोवती एकसारख्या इमारती उभारण्याची कल्पना मांडली. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन व त्यांच्यानंतर सर बार्टल फ्रियर यांनी तिला पाठबळ दिले. १८७२ पर्यंत कमानींनी वेढलेले ‘एल्फिन्स्टन सर्कल’ सिद्ध झाले.

स्वातंत्र्यानंतर पुन्हा बदल झाला, तो नावाचा. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन जन्माने इंग्रज, परंतु भारतीयांची बाजू निर्भयपणे मांडल्यामुळे १९१९ मध्ये सरकारने त्यांना हद्दपार केले होते. गव्हर्नरच्या नावाच्या जागी त्याच पत्रकाराचे नाव आले. कमानी मात्र जपल्या गेल्या.

पूर्वजांनी उभारलेले जतन करावे. त्यावर कोणाचे नाव शोभते, हे मात्र प्रत्येक पिढीने स्वतःच्या विवेकाने ठरवावे, हेच ही बाग सांगते.