कोठा ते कोष्टक

फुलंब्रीकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘कोठा’ म्हणजे गुरे बांधायची जागा. बैल कोठ्यात, धान्य कोठारात, सामानसुमान कोठीत. आणि वैद्य ‘कोठा साफ आहे का’ विचारतो तेव्हा पोटाविषयी विचारतो. हे सगळे गोत संस्कृत ‘कोष्ठ’चे. आत काही साठवता येते अशी बंदिस्त जागा, हा त्याचा गाभा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला कोष्ठागाराध्यक्ष हा राज्याची कोठारे सांभाळणारा अधिकारी.

कोष्ठात दाण्यांऐवजी आकडा ठेवला, की त्याचे कोष्टक होते. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर हलायुधाने दहाव्या शतकात टीका लिहिली, तिच्यात हे स्थित्यंतर लख्ख दिसते. लघु-गुरूंच्या रचना मोजण्यासाठी तो मेरुप्रस्तार मांडायला सांगतो: वर एक चौकोनी कोष्ठ, त्याखाली दोन, मग तीन. कडेच्या घरांत 1. आतल्या प्रत्येक घरात डोक्यावरच्या दोन घरांची बेरीज. म्हणून 1, 2, 1. त्याखाली 1, 3, 3, 1. पहिला 1 आणि एक नियम, एवढ्यावर अख्खा मेरू उभा राहतो.

हीच युक्ती कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी पंचांगासाठी वापरली. 1525च्या सुमाराच्या त्यांच्या ‘तिथिचिंतामणी’त श्लोक मोजके, खरा ऐवज कोष्टकांचा. अवघड गणित एकदाच करून घरे भरून ठेवलेली. पंचांगकर्त्याने नेमके घर शोधायचे आणि बेरीज-वजाबाकी करायची. पुढे मराठी शाळांतून मुलांनी पाढे घोकले. पावकी, निमकी, औटकी घोकली. तीही कोष्टकेच, फक्त घरे कागदाऐवजी जिभेवर.

1979 साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या ‘व्हिजिकॅल्क’ने संगणकाच्या पडद्यावरच्या घराला नियम धरून ठेवायला शिकवले, 1985 साली ‘एक्सेल’ आले. आज पहिल्या ओळीत आणि पहिल्या स्तंभात 1 ते 10 लिहून त्यांच्या आतल्या पहिल्या घरात गुणाकाराचे एकच सूत्र द्या. डॉलरच्या चिन्हाने एकाचा स्तंभ आणि दुसऱ्याची ओळ जागेवर खिळवा, सूत्र आडवे-उभे ओढा: पाढ्यांची 100 घरे भरतात. ‘आर’ या संगणकीय भाषेत तेच काम ‘आउटर’ ही एक आज्ञा करते.

आता फुलंब्री, आळंद, पीरबावडा आणि वडोद बाजार या चार गावांच्या पावसाच्या चार ओळी घ्या. जून ते सप्टेंबर हे चार स्तंभ. पडलेला पाऊस भागिले सरासरी, गुणिले 100: सोळा घरे क्षणात भरतील. पण एखाद्या महिन्याची नोंदच झाली नसेल तर? एक्सेल साध्या गुणाकार-भागाकारात रिकामे घर शून्य धरते. नोंद राहिलेला महिना मग कोरडा महिना ठरतो. ‘आर’मध्ये तिथे ‘एनए’, म्हणजे ‘उपलब्ध नाही’, लिहिले, तर उत्तरही ‘एनए’च येते, अज्ञान लपत नाही. एक्सेलमध्ये ‘घर रिकामे असेल तर उत्तरही रिकामे ठेव’ ही अट आपणच सूत्रात घालायला हवी.

कारण आडात नसेल ते पोहऱ्यात येत नाही. सूत्र दाणा पिकवत नाही. कोठ्यात जे आहे त्याचेच माप घेते. रिकामा कोठा रिकामाच दाखवणे, हा मापाचा पहिला धर्म आहे.