बागेला मुकलेलें कारंजें

अंधेरी-बोरिवलीकडून आगगाडीनें येऊन चर्चगेटास उतरणारा नोकरदार हुतात्मा चौकांतून कचेरीकडे वळतो, तेव्हां तेथल्या पाषाणमूर्तीकडे त्याचें सहसा लक्ष जात नाहीं. ती फ्लोरा, प्राचीन रोमन लोकांची पुष्पदेवता. पुष्पदेवतेनें वाहनांच्या गर्दींत कां उभें राहावें? कारण एवढेंच कीं, हें कारंजें मुळीं रस्त्यासाठीं घडविलेलेंच नव्हतें.

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ सालीं खुली झाली. कारंजें योजिलें होतें तें त्या बागेसाठीं. कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनीं त्याकरितां २०,००० रुपये दिले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, मूर्तिकाम जेम्स फोर्साइथ यांचें, आणि दगड पोर्टलंडचा, जहाजानें इंग्लंडाहून आणलेला. इतक्यांत गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या, जुन्या चर्च गेटाची जागा मोकळी झाली, आणि बागेचा हा अलंकार तेथें नेऊन बसविला. त्याला फ्रिअरसाहेबांचें नांव द्यावयाचें होतें. लोकांच्या तोंडीं मात्र फ्लोराच राहिली.

ज्या परंपरेंतून हें काम निघालें ती इंग्लंडांतील सरदारांच्या खेड्यांतल्या वाड्यांची. फोर्साइथ यांचें गाजलेलें काम वूस्टरशायरमधील विट्ली कोर्ट या वाड्यापुढें आहे. कोळसा व लोखंड यांवर गबर झालेल्या डडले घराण्यासाठीं तेथली बाग विल्यम अँड्र्यूज नेस्फिल्ड यांनीं आंखली. तींत एक भव्य कारंजें पर्सिअस व अँड्रोमेडा यांचें, आणि दुसरें फ्लोराचेंच! नेस्फिल्ड यांचे चिरंजीव पुढें शॉ यांचे भागीदार झाले. तेव्हां मुंबईच्या फ्लोरेचें माहेर याच मंडळींत होतें असें म्हणावयास हरकत नाहीं. अशा बागेंत कारंजें नुसतें शोभेचें नसे. वाड्याच्या खिडकींतून निघालेली नजर त्यावर जाऊन ठरे, आणि दोहों बाजूंचे वाफे त्याच्याभोंवतीं तोलून मांडलेले असत. मात्र पाणी उडवायला विट्लीस वाफेचें यंत्र लागे, यंत्राला कोळसा, आणि कोळशाला पैसा. घराण्यानें १९२० सालीं वाडा विकला. १९३७ सालीं त्याला आग लागली, आणि पुढें भग्न भिंती तेवढ्या उरल्या.

मुंबईच्या पाण्याची किल्ली निराळी होती, आणि ती उपनगरांत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विहिरी आटल्या कीं शहर हैराण होई. होड्यांनीं आणि आगगाडीनें पाणी आणण्याचीहि पाळी येई. हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेप्रमाणें साष्टीच्या डोंगरांत, पवईच्या उत्तरेस, विहारचा तलाव बांधला गेला आणि १८६० सालीं त्याचें पाणी नळानें शहरांत आलें. तलाव उंचावर, शहर सखल. पाणी आपल्याच भारानें चौदा-पंधरा मैल वाहत येई. जेथें घागरभर पाण्याची मारामार, तेथें दहा वर्षांच्या आंत केवळ शोभेसाठीं पाणी उडूं लागलें, हें नवल मूर्तीच्या घडणीहून लहान नव्हे.

बागेंत ही देवता हवा खावयास येणाऱ्यांची झाली असती. चव्हाट्यावर ती साऱ्या शहराची झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत याच परिसरांत लोकांवर गोळीबार झाला. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचें स्मारक कारंज्याशेजारींच उभें राहिलें. चौकाचें नांव बदललें, पण परकी म्हणून फ्लोरेला कोणीं हलविलें नाहीं. दुर्लक्ष मात्र पुष्कळ झालें: दगडावर रंगाचे थर चढले आणि कारंजें वर्षानुवर्षें कोरडें राहिलें. अलीकडे ते थर काढून दगड उघडा केला, नळ दुरुस्त केले. काम चालू असतां जमिनींतून १९६४ सालीं बंद पडलेल्या ट्रॅमचे रूळ निघाले. जानेवारी २०१९ मध्यें कारंज्याचें पाणी पुनः खेळूं लागलें.