अंगठ्याची साक्ष

निरक्षर माणसाला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवण्याची आपली खोड जुनी आहे. सरकारी चाकरीनिमित्त वंगदेशी आल्यावर या अंगठ्याचा निराळाच इतिहास आम्हांस आढळला. १८५८ मध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारपत्राच्या पाठीवर घेतला. पुढे त्याने सही नाकारू नये, एवढाच हेतू. म्हणजे आरंभी हा केवळ अविश्वास होता. परंतु १८७७ मध्ये हुगळीस हर्शेलने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे ठसे घेण्यास प्रारंभ केला आणि दुसऱ्याच्या नावावर पैसे उचलणाऱ्या तोतयांची वाट अडवली. तोच अंगठा आता गरिबाचा रखवालदार झाला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे स्वतंत्र कार्यालय निघाले. वर्गीकरणाचे श्रम अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांचे; पद्धतीला नाव मात्र हेन्रीसाहेबांचे!

आज पदवीधरही निवृत्तिवेतनासाठी यंत्रावर अंगठा टेकतो. कोनाईचा ठसा एका करारापुरता होता, हे त्याने ध्यानी ठेवावे. कशासाठी, हे विचारल्यावाचून जो अंगठा देतो, तो कितीही शिकलेला असला तरी अंगठेबहाद्दरच.