शेतातले तण, बागेतले फूल

फूल आणि तण यांतील भेद वनस्पतिशास्त्राने केलेला नाही. तो मनुष्याने आपल्या सोयीसाठी केला आहे. पाहिजे तेथे उगवले ते फूल, नको तेथे उगवले ते तण, एवढाच काय तो न्याय. हा न्याय किती तकलादू आहे हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी भूमध्य समुद्राकाठच्या तांबड्या पॉपीचा इतिहास अवश्य वाचावा. थंडीच्या दिवसांत आपल्याकडील हौशी लोकांच्या बागांतून ‘शर्ले पॉपी’ या नावाने जी कागदासारखी तलम फुले डुलतात, ती याच तणाची संतती होय.

ही वनस्पती आपल्या खसखशीचीच बहीण आहे. लिनियसने १७५३ साली तिला ‘पापाव्हेर ऱ्हीआस’ हे शास्त्रीय नाव दिले. बहिणीचे रूप तिने घेतले, पण अफूचा गुण घेतला नाही. शेती पसरली तशी धान्याच्या बियाण्यात मिसळून ही गव्हाच्या शेतांतून युरोपभर पसरली. शेतकऱ्याने तिला उपटावे आणि पुढील वर्षी तिने पुन्हा उगवावे, असा हा हजारो वर्षांचा झगडा आहे. रोमन लोक मात्र थोर मनाचे म्हणावयाचे. त्यांच्या सेरीस या धान्यदेवतेच्या हाती कणसांच्या जोडीला पॉपीची बोंडेही दाखविलेली आढळतात.

ही वनस्पती अवर्षणास दाद देत नाही असे म्हणतात. परंतु ती अवर्षणाशी झुंजत नाही, ते चुकविते. भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. शरदाच्या पहिल्या पावसाबरोबर ही रुजते, हिवाळाभर जमिनीलगत पाने पसरून बसते, वसंतात फुलते आणि उन्हाळा तापू लागण्याच्या सुमारास मरून जाते. मागे उरते ते बोंड व त्यातील शेकडो बारीक बिया. या बिया मातीत गाडल्या गेल्या तर अनेक वर्षे, कित्येकदा दशकानुदशके, जिवंत राहतात. नांगराने वा कुदळीने माती उलथली आणि त्यांस उजेड दिसला, म्हणजे त्या जाग्या होतात. शेतकरी जो नांगर तिला मारण्यासाठी फिरवितो, तोच तिला उठवितो!

या तणाचे फूल कसे झाले, ती कथा मोठी मनोरंजक आहे. लंडनच्या दक्षिणेस क्रॉयडनजवळ शर्ले नावाचे गाव आहे. तेथील पाद्री रेव्हरंड विल्यम विल्क्स यांस १८८० साली, बागेच्या शेताला लागून असलेल्या एका पडीक कोपऱ्यात, एक पॉपीचे फूल निराळे दिसले. त्याच्या तांबड्या पाकळीस पांढरी बारीक किनार होती. त्यांनी तेवढ्याच फुलास खूण करून त्याचे बी राखले. पुढील वर्षी सुमारे दोनशे रोपांतून अशी किनार चारपाच रोपांवरच उमटली. त्यांचे बी पुन्हा राखले, उरलेली रोपे उपटली. असा क्रम वर्षानुवर्षे चालला. हळूहळू तांबडा रंग गुलाबी व पांढऱ्या छटांत विरघळला आणि फुलाच्या गाभ्यातील काळा डाग समूळ नाहीसा झाला. विल्क्स हे १८८८ पासून १९२० पर्यंत रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे चिटणीस होते. परंतु या शोधावर त्यांनी मक्ता सांगितला नाही, बी मागेल त्यास दिले. तथापि हा विजय कायमचा नव्हे. निवड थांबविली की काही पिढ्यांत तांबडा रंग व काळा डाग परत येऊ लागतात.

विल्क्स आपल्या वाफ्यातील काळा डाग पुसून टाकीत असता इतिहासाने मूळ तांबड्या पॉपीस निराळ्याच कामास लाविले. १९१५ च्या वसंतात बेल्जममधील ईप्र येथे तोफांनी जमीन इतकी उलथली की मातीत निजलेले बी एकदम जागे झाले व थडग्यांमधून तांबडी फुले डोलू लागली. २ मे रोजी अलेक्सिस हेल्मर हा तरुण अधिकारी ठार झाला. त्याचे स्नेही, कॅनडाच्या सैन्यातील डॉक्टर जॉन मक्रे यांनी त्यानंतर या फुलांवर लिहिलेली कविता त्याच वर्षी डिसेंबरात ‘पंच’ पत्रात प्रसिद्ध झाली. पुढे अमेरिकेतील मोइना मायकेल व फ्रान्सच्या आना गेरँ या दोन स्त्रियांच्या खटपटीने ते फूल मृत सैनिकांची खूण ठरले, आणि १९२१ पासून ब्रिटनमध्ये ११ नोव्हेंबरच्या सुमारास छातीवर पॉपी लावण्याची चाल पडली.

येथे आम्हांस एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. ज्या ईप्रच्या लढाईत ही कविता जन्मली, त्याच लढाईत हिंदी फौजेची लाहोर डिव्हिजन लढत होती. २६ एप्रिल १९१५ च्या पराक्रमाबद्दल जमादार मीर दस्त यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे १९२७ साली उघडलेल्या स्मारकावर, ज्यांस थडगेही लाभले नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदी शिपायांची नावे कोरलेली आहेत. आमच्या मराठा पलटणींतील शिपाई इराकातील कूतच्या वेढ्यात १९१६ साली उपासमारीने खंगले. परंतु ते लाल फूल पाहून या शिपायांची आठवण किती जणांस होते? विल्क्सने जी निवड फुलांत केली, तीच निवड लोक स्मृतीतही करितात. आवडेल ते राखतात, उरलेले उपटून टाकतात. फरक एवढाच की पाद्रीबोवांस आपण काय उपटीत आहो हे ठाऊक होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर तणनाशक औषधे आली व युरोपच्या शेतांतून पॉपी झपाट्याने हटली. आता तेच लोक तिचे बी मुद्दाम विकत घेऊन रस्त्याच्या कडेला व बागांत पेरीत आहेत!

आमच्या वाचकांपैकी कोणास ही लावावयाची झाल्यास थोडी सूचना करितो. आपले ऋतुमान भूमध्य प्रदेशाच्या उलट आहे. तेथे हिवाळा ओला, येथे कोरडा. म्हणून पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात बी पेरावे व रोपे वाढेपर्यंत बेताचे पाणी द्यावे. बी फार बारीक असते, तेव्हा ते वाळूत मिसळून जागच्या जागीच विखरावे, कारण रोप उपटून लावलेले तिला सोसत नाही. दाट उगवल्यास विरळणी करावी. निचऱ्याची हलकी जमीन हवी. खताचा लोभ धरू नये, त्याने पाने माजतात. शेवटी बोंडे वाळली की बी काढून बाटलीत ठेवावे. तेथील कोरड्या उन्हाळ्यात जे मातीत टिकते ते आमच्या मृगाच्या पावसात टिकेल, असा भरवसा धरू नये.

आणि एखाद्या रोपावर काळ्या डागाचे तांबडे फूल आलेच, तर ते तण म्हणून उपटू नये. ते मूळचे फूल आहे. जमीन उलथल्यावाचून जसे त्याचे बी जागे होत नाही, तशा विसरलेल्या माणसांच्या आठवणीही कोणी तरी माती उकरल्यावाचून वर येत नाहीत.